उधारीची वही आणि संगणकातील नोंद

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा स्पष्ट आदेश कुरआनच्या सूरह बकरामध्ये २८२ व्या आयतीत आहे. कुरआनातील ही सर्वांत मोठी आयत, आणि तिचा विषय देण्याघेण्याची नोंद हा आहे. आपल्या सूत-कापडाच्या बाजारात मात्र पुष्कळशी उधारी अजून मुनीमजींच्या डोक्यातच असते!

जे लिहितात त्यांचा रोजमेळ वेगळा, मालाची वही वेगळी, उधारीची वेगळी. एका वहीत दुरुस्ती झाली की दुसरीत राहून जाते. आयबीएम कंपनीतील ई. एफ. कॉड यांनी १९७० साली माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत मांडण्याची पद्धत सुचविली. आजचे बहुतेक डेटाबेस त्यावरच उभे आहेत. पार्टीचे नाव-पत्ता एकाच तक्त्यात राहतो; बिल, माल, वसुली यांच्या तक्त्यांत केवळ तिचा क्रमांक जातो.

या क्रमांकाचे महत्त्व मी ठेच लागल्यावर शिकलो. आमच्याकडे अन्सारी आणि मोमीन पार्ट्या डझनावारी. वहीतील खाती संगणकात चढविताना आम्ही नाव हीच ओळख धरली. एकाच नावाचे दोन कारखानदार एका खात्यात गेले. ज्या गृहस्थांनी पै न् पै चुकती केली होती, त्यांच्याकडे मी चार लोकांसमोर तगादा लावला. त्यांनी काही न बोलता खिशातून पावती काढली. मी माफी मागितली, त्यांनी माफही केले. पण सूत ते आता दुसरीकडून घेतात. चुकीची नोंदही पडद्यावर बरोबर नोंदीइतकीच स्वच्छ दिसते, हे लक्षात ठेवावे. जीएसटी नोंदणी असलेल्यांचा नंबर असतोच. लहान कारखानदारांना आपणच क्रमांक द्यावा आणि तो बिलावर छापावा.

फायदे खरे आहेत. माल जावक आणि उधारी या दोन नोंदी चांगला डेटाबेस एकत्र बांधतो. मध्येच वीज गेली तर दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. नोकराला नवी नोंद करू द्यावी, जुनी खोडू देऊ नये, अशी सोयही असते. कोणी कधी काय बदलले याची नोंद राहील असे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरण्याचे बंधन एप्रिल २०२३ पासून कंपन्यांवर आहे. आपली पेढी कंपनी नसली तरी ही सोय सुरू ठेवावी.

तोटेही आहेत. सॉफ्टवेअर बसविणारा फोन उचलीनासा झाला की धंदा अडतो. पूर्वी आपल्या वह्या चोरायला पेटी उचलावी लागे, आता सर्व पार्ट्यांची देणी-घेणी एका पेनड्राइव्हमध्ये बाहेर जातात. ती माहिती आपल्याकडे अमानत आहे. आणि यंत्र बिघडले तर सर्वच गेले. आमच्याकडे दर जुम्याला हिशेबाची प्रत निघते आणि दुकानात न ठेवता घरी नेली जाते. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो, कारण न उघडणारी प्रत कपाटात असून नसल्यासारखीच.