झोडियॅक हाती घेताना

अगं, माझा झोडियॅक आता तुझ्याकडे राहणार, तेव्हा चार गोष्टी नीट ऐकून ठेव. खिशातल्या डिजिटल डायऱ्या बनवणाऱ्या पाम कंपनीच्या जुन्या माणसांनी टॅपवेव्ह नावाची कंपनी काढून २००३मध्ये हे यंत्र बाजारात आणलं. पत्ते, भेटी, कामांची यादी हे पामचं सगळं त्यात आहे आणि आडवं धरलं की डाव्या अंगठ्याखाली खेळाची काडी, उजव्या अंगठ्याखाली बटणं. २०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, चित्रांसाठी एटीआयची वेगळी चिप, ४८० बाय ३२० पिक्सेलचा पडदा. त्या काळी खिशात मावणाऱ्या डायरीत एवढा जोर क्वचितच सापडायचा. मला ते तेव्हाही आवडलं होतं, आजही आवडतं.

पण डायरी आणि खेळ एकाच बॅटरीवर चालतात, आणि तुझ्या नोंदी राहतात रॅममध्ये. बॅटरी पूर्ण उतरली की रॅम रिकामी होते. पत्ते, भेटी, सगळं जातं. म्हणून बॅटरीचा शेवटचा पाव भाग डायरीचा समज. तिथवर आलीस की खेळ कितीही रंगात असो, बंद कर आणि चार्जरला लाव. वापरात नसलं तरी आठवड्यातून एकदा चार्ज करायचंच, कारण नुसतं पडून असतानाही रॅम जागी ठेवायला थोडी वीज लागतेच. ब्लूटूथ लागेल तेव्हाच चालू कर.

नोंदींची प्रत कार्डावर घेत जा. आजच्या ६४-बिट विंडोजवर केबलनं हॉटसिंक, म्हणजे संगणकाशी नोंदी जुळवणं, जिकिरीचं आहे, त्यापेक्षा एनव्हीबॅकअपसारखा छोटा प्रोग्राम बरा. यंत्राला कार्डाच्या दोन खाचा आहेत. एका कार्डावर फक्त नोंदींची प्रत, दुसऱ्यावर खेळ आणि गाणी, अशी वाटणी कायमची ठेव. खेळ पुसताना चुकून प्रतीला हात लागत नाही. कार्ड दोन जीबीपर्यंतचं साधं एसडीच घे, पुढच्या मोठ्या कार्डांसाठी हे यंत्र बनलेलं नाही. आणि कार्डावरून मोठा खेळ सुरू केलास की तो आधी रॅममध्ये उतरतो, त्यामुळे तिथे मोकळी जागा राहू दे.

पामवर एका वेळी एकच प्रोग्राम चालतो, हे फोनची सवय असलेल्यांना पटकन लक्षात येत नाही. डूम टू खेळता खेळता भेटीची वेळ बघायला गेलीस, तर खेळ मागे थांबून राहत नाही, तो बंद होतो. काही खेळ तिथलीच अवस्था जपून ठेवतात, काही नाही. म्हणून डायरी उघडण्याआधी खेळ सेव्ह करायचा. गजर मात्र यंत्र बंद असलं तरी होतो. औषधाच्या वेळा त्यात बिनधास्त टाक.

घरात कुणी पोर खेळायला मागेलच. देऊन टाक, पण आधी खासगी नोंदींवर प्रायव्हेटची खूण करून, पासवर्ड घालून त्या लपव. ही सोय पामच्या डायरीत पहिल्यापासून आहे आणि खेळाच्या यंत्राला तिची गरज जास्त, कारण ते हातोहाती फिरतं.

पडद्यावर बॉलपेन कधीही टेकवू नकोस. टोचणी प्लॅस्टिकच्याच टोकाची हवी. टोचलं एकीकडे आणि उमटलं दुसरीकडे असं व्हायला लागलं, तर प्रेफरन्सेसमध्ये डिजिटायझर आहे, तिथे नव्यानं जुळवून घे. खेळाच्या काडीवर जोर काढू नये, ती हलक्या अंगठ्यानंही चांगली चालते. ती मोडली तर नवी मिळणं कठीण: सोनीचं पीएसपी हे खेळाचं यंत्र मार्च २००५मध्ये अमेरिकेत आलं आणि जुलैत झोडियॅकची विक्रीच थांबली. म्हणजे सुटे भाग आता दुसऱ्या झोडियॅकमधूनच काढावे लागतात. पाठीला फुगवटा दिसला तर चार्जिंग ताबडतोब बंद कर आणि बॅटरी जाणकाराकडूनच बदलून घे, घरी उचकटू नकोस.

आणखी एक. पामच्या कॅलेंडरात वर्ष १९०४पासून मोजतात आणि त्याला सातच बिट दिलेत, त्यामुळे तारीख २०३१च्या पुढे जात नाही. तुझी विम्याची पॉलिसी २०३४ला पिकते ना, ती नोंद वहीत कर.