हॉटेलच्या बिलिंग यंत्रणेत बदल करताना

खानावळ, बिर्याणी सेंटर किंवा रेस्टॉरंट चालविणाऱ्या आपल्या बहुतेक बांधवांच्या गल्ल्यावर आता संगणक आला आहे. मात्र नवे सॉफ्टवेअर घालताना घाई केली जाते आणि नुकसान पदरी पडते. आमच्या पाहण्यातील एका हॉटेलात ऐन रविवारी संध्याकाळी हे काम काढले गेले. भटारखान्यातील प्रिंटर बंद पडला, बिलाचे नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले आणि उधारीचे खाते दिसेनासे झाले. सुदैवाने जुनी प्रत होती, म्हणून उधारी वाचली.

प्रथम एक गोष्ट समजून घेऊ. सॉफ्टवेअर हा मुनीम आहे आणि डेटाबेस ही त्याची खातेवही. नवा मुनीम वहीत नवे रकाने आखतो. त्यानंतर जुन्या मुनिमाला ती वही वाचता येईलच असे नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत घेतलेला डेटाबेस जुन्या आवृत्तीत परत बसवता येत नाही.

मग बदल करावाच कशाला? एसक्यूएल सर्व्हर २०१४ ला मिळणारी नियमित सुरक्षा-दुरुस्ती ९ जुलै २०२४ रोजी थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. शिवाय वहीलाही मर्यादा असते. अ‍ॅक्सेसची फाइल २ जीबीपर्यंतच वाढते, तर एसक्यूएल सर्व्हर २०१४ च्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. वही भरली की नवे बिल नोंदले जात नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा :

१) गर्दीचे दिवस, सणासुदीचा हंगाम आणि रमजान टाळावा. रात्री सर्व टेबलांची बिले बंद करून दिवसाचा हिशेब मिळवावा.

२) डेटाबेसच्या दोन प्रती काढाव्यात. एक दुकानाबाहेर ठेवावी.

३) एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. बिलांची संख्या, विक्री आणि उधारीची बेरीज जुळली पाहिजे. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

४) नवे सॉफ्टवेअर आधी त्याच दुसऱ्या संगणकावर चालवावे. साधे बिल, पार्सल, सूट, रद्द बिल आणि उधारी असे सर्व प्रकार करून पाहावेत. कराचा आकडा हाताने पडताळावा.

५) मगच गल्ला, भटारखाना आणि वेटरच्या टॅबवर एकाच वेळी नवी आवृत्ती घालावी.

६) जीएसटीच्या नियमानुसार बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात सलग असावा आणि पुन्हा येऊ नये. म्हणून शेवटचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा.

मागे फिरायचे असेल तर तो निर्णय सकाळचे पहिले बिल फाडण्यापूर्वी घ्यावा. नंतर जुन्या प्रतीकडे गेल्यास मधली विक्री वहीतून नाहीशी होते. पहिले दोन दिवस छापील बिलबुक गल्ल्यावर असू द्यावे.

जुनी वही फेकू नये. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. सॉफ्टवेअर पुन्हा विकत मिळते. गिऱ्हाइकाचा हिशेब विकत मिळत नाही.