पुढे चालू नकोस

पनवेल,
अक्षय तृतीया

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. काकू म्हणाली, सकाळी त्याला फोन करा. पण फोनवर तू "हो काका, हो काका" करून विषय संपवशील, म्हणून पत्र लिहितो आहे. शांतपणे वाच. आणि वाचून सूनबाईवर चिडू नकोस. तिने कुणाकडे तक्रार केलेली नाही. भाजी निवडता निवडता तुझ्या आईपाशी तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आई, मी नाही गेले तर चालेल का?"

व्हिसा झाले, विमानाची तिकिटं झाली, लंडन-पॅरिस-रोम असे अकरा दिवस ठरले, आणि जिच्या हौसेसाठी हे सगळं मांडलंस तीच म्हणते, मी नाही गेले तर?

दुबईचा प्रकार मला कालच कळला. मॉलमध्ये तू झपाझप पुढे निघून गेलास. तिच्या फोनला तिथलं नेटवर्क नव्हतं, कारण पॅक तुझ्या एकट्याच्या फोनवर घेतला होतास. तासभर ती एका खांबाशी उभी होती, आणि सापडल्यावर तूच तिच्यावर ओरडलास. आता युरोपलाही "एका फोनवर पॅक पुरे" असं ठरवलं आहेस म्हणे. पासपोर्ट तुझ्या सॅकमध्ये, कार्डं तुझ्या पाकिटात, हॉटेलांचे पत्ते तुझ्या फोनमध्ये. मग तिच्याजवळ काय? तुझ्या पाठीमागून धावणं?

रागावलो आहे खरा. पण रागवायचा हक्क मला किती आहे, तेही सांगतो.

आपल्या घरातल्या पुरुषांची चाल तुला ठाऊक आहे. अण्णा पालीला बल्लाळेश्वराला निघाले की एसटीतून उतरल्यापासून देवळापर्यंत वीस पावलं पुढे. आजी मागून, हातात पिशवी आणि कडेवर तुझे बाबा. अण्णांच्या चालीचं सगळे कौतुक करायचे, आम्हा पोरांना त्याचा अभिमान वाटायचा. आजीला चालताना धाप लागायची, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी बँकेतून २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं लंडन-पॅरिसला गेलो. तो अल्बम तू लहानपणापासून पाहत आला आहेस. अल्बममध्ये जे नाही ते आज सांगतो.

कॉलेजात असताना पुलंचं 'अपूर्वाई' वाचलं होतं. जोडीनं विलायत पाहायची हे वेड तिथून डोक्यात बसलं. यात्रा कंपनीबरोबर जायचं नाही, सगळं आपलं आपण करायचं, अशी माझी जिद्द. वहीत यादी केली होती, रोज किती ठिकाणं, कुठे किती मिनिटं. पाहून झालं की बरोबरची खूण.

पॅरिसमध्ये सोमवार होता. लूव्र मंगळवारी बंद असतं, आणि बुधवारी आमचं परतीचं विमान. म्हणून ते त्याच दिवशी उरकायचं होतं. शातले हे तिथल्या मेट्रोचं मोठं जंक्शन. पाच मार्ग तिथे एकत्र येतात, आणि एका फलाटावरून दुसऱ्यावर जायचं तर बोगद्यातून चालत राहावं लागतं. मी नेहमीसारखा पुढे. गाडी उभी दिसली, भोंगा वाजला, मी आत उडी मारली. वळून पाहिलं तर दार लागलेलं आणि काचेपलीकडे काकू. अबोली साडी, हातात पाण्याची बाटली. गाडी सुटली.

बाळू, दोघांचे पासपोर्ट, सगळे पैसे, हॉटेलचं कार्ड, सगळं माझ्या कमरेच्या पाउचमध्ये होतं. तिच्या पर्समध्ये रुमाल, आल्याच्या वड्या आणि गणपतीचा फोटो. हॉटेलचं नावही तिला नीट सांगता आलं नसतं, कारण मी ते तिला कधी सांगितलंच नव्हतं.

मी पुढच्या स्टेशनला, लूव्र-रिव्होलीला उतरलो आणि उलट गाडीने परत आलो. ती नव्हती. तिला वाटलं, हे पुढे गेले म्हणजे आपणही पुढेच जायला हवं. मागच्या गाडीने ती लूव्र-रिव्होलीला जाऊन उतरली होती. त्या फलाटावर लूव्रमधल्या मूर्तींच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत. त्यांतल्या एकीपाशी ती बसून राहिली, आणि मी शातलेच्या बोगद्यांतून वेड्यासारखा फिरत होतो. सव्वा तास. शेवटी पुन्हा गाडीत बसलो आणि काचेतून साडीचा रंग दिसला.

भेटल्यावर माझं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? "तुला एका जागी थांबता येत नव्हतं?"

ती काही बोलली नाही. आम्ही लूव्र पाहिलं. मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरची, ती लोकांच्या डोक्यांवरून पाहिली आणि वहीत खूण केली. काचेच्या पिरॅमिडपुढचा आमचा फोटो तुला आठवत असेल. काकू त्यात हसत नाही. ऊन डोळ्यावर येत होतं, असं मी चोवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. ऊन नव्हतं.

म्हणून सांगतो, पुढे चालू नकोस.

आणि ही चाल तुला शिकवली कुणी? मीच. तू सात वर्षांचा होतास, आपण कर्नाळ्याला गेलो होतो. सुळक्यावरची मधमाश्यांची पोळी पाहत तू खाली थांबलास, तर मी वरून ओरडलो, "मागे राहशील तर राहशील!" तू रडत रडत पळत आलास, आणि मी सगळ्यांना सांगितलं, पोरगा तयार झाला. तयार झाला तो असा. त्या दिवशी मी दोन मिनिटं तुझ्याजवळ थांबून ती पोळी पाहिली असती तर दुबईला तूही थांबला असतास, असं आता वाटत राहतं.

असो. तुला नुसता ओरडून मोकळा होणार नाही. एवढं कर.

तिचा पासपोर्ट तिच्या पर्समध्ये राहू दे. थोडे पौंड, थोडे युरो, एक कार्ड तिच्याजवळ. हॉटेलांचे पत्ते कागदावर लिहून दोघांजवळ ठेवा, फोनची बॅटरी संपली तरी कागद वाचता येतो. पॅक दोन घे. मेट्रोत दार लागून ताटातूट झाली तर मागे राहिलेल्याने हलायचं नाही. पुढे गेलेल्याने पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं. हे निघण्याआधी दोघांनी बोलून ठेवा. आम्ही एवढं एक वाक्य बोललो असतो तर तो सव्वा तास टळला असता.

दुसरं म्हणजे यादी अर्धी कर. लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी यांना तिकीट नाही, तेव्हा पैसे वसूल करायला दिवसभर पाय ओढत फिरायचं कारण नाही. तास पाहा, बाहेर येऊन बसा. किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरी मात्र जा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहून शिकत होते. २०१५ मध्ये आपल्या सरकारने ते घर विकत घेतलं. तिथे उभे राहाल तेव्हा मुंबईत मागे राहून हालअपेष्टा सोसणाऱ्या रमाईंचीही आठवण काढा. रोमचं कोलोसियम दोन हजार वर्षांच्या आसपास जुनं आहे. सूनबाईचे पाय दुखले तर त्याच्यापुढे नुसते बसा, आत गेला नाहीत तरी काही बिघडत नाही.

आणि तिला विचार, तुला काय पाहायचंय? मी काकूला हे विचारलंच नाही. आता तिचे गुडघे गेले. रोज संध्याकाळी आम्ही वडाळे तळ्याला फेरी मारतो. एका फेरीत ती तीनदा बसते, मीही बसतो. दोन वर्षांपूर्वी अशीच बसली असताना मी सहज विचारलं, लंडनमध्ये तुझं काही पाहायचं राहिलं का गं? ती चटकन म्हणाली, "तिथली भाजीमंडई." चोवीस वर्षांपूर्वी तिने ते एकदा सांगितलंही होतं म्हणे. मी पुढे होतो, मला ऐकू आलं नाही.

लंडन ब्रिजजवळ बरो मार्केट आहे. सोमवारी बंद असतं, तो दिवस टाळून दोघं जा. काय भाजी होती, भाव काय होता, काकूला फोन करून सूनबाईलाच सांगू दे. पॅरिसहून मला काही नको.

गेल्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्या गच्चीवरून विमानं दिसतात. तुमचं विमान कुठूनही सुटो, काकू त्या रात्री गच्चीवर जाणार आणि दिसेल त्या विमानाला हात जोडणार, हे मला आत्ताच माहीत आहे. मीही तिच्यामागे जिना चढेन.

आलात की दोघं इकडे या. काकू घावन आणि नारळाचा रस करणार आहे. स्टेशनवर मी घ्यायला येईन. घरापर्यंत चालतच येऊ, सूनबाईच्या चालीने.

तुझा,
काका