पाण्याशी झटू नका

आमच्या गावी एक गडी होता. मणामणाची पोती सहज पाठीवर घ्यायचा. एकदा विहिरीच्या काठावरून त्याचा पाय घसरला आणि तो बुडाला. त्याच विहिरीत दहा-बारा वर्षांची काटकुळी पोरं रोज मुटके मारीत. मग एवढा धट्टाकट्टा माणूस का बुडाला? पाण्याशी झटला म्हणून.

वाळलेला भोपळा पाण्यावर का तरंगतो? त्याच्या पोटात हवा असते. आपली छातीही तशीच. छातीत हवा भरलेली असली की बहुतेक माणसे तरंगतात. पण घाबरलेला माणूस ओरडतो, म्हणजे छातीतली हवा जाते. तो हात वर करतो, डोके उंच काढतो. जेवढे अंग पाण्याबाहेर, तेवढा भार जास्त. डोके वर गेले की पाय खाली जातात.

म्हणून आधी श्वास शिकावा. नदीकाठी किंवा बंधाऱ्यात कमरेएवढे संथ पाणी पाहा. बरोबर पोहणारा जाणता माणूस हवाच. तोंडाने हवा घ्या. तोंड पाण्यात घाला आणि सावकाश बुडबुडे सोडा. तोंड वर काढून पुन्हा हवा घ्या. पुष्कळ जण इथेच कंटाळतात. कंटाळू नका, निम्मे पोहणे हेच आहे.

मग उताणे पडा. जाणत्याचा हात पाठीखाली असू द्या. कान पाण्यात बुडू द्या, पोट वर ठेवा, आभाळाकडे बघा. पुढे कधी दमलात तर असेच पडून विसावा घेता येतो.

त्यानंतर पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा घट्ट बांधून पालथे व्हा. पाय मांडीपासून हलवा, गुडघे सैल ठेवा. बोटे जुळवून वल्ह्यासारखे पाणी मागे सारा. पाण्यावर हात आपटले तर आवाजच फार होतो.

आम्हाला लहानपणी थोरांनी विहिरीत ढकलून दिले होते. पुढे वर्षभर आम्ही तिकडे फिरकलो नाही! शिकणाऱ्याला कधी ढकलू नये.

बायांनीही पोहायला शिकावे. पाण्यावर रोज जाणे त्यांचेच. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मध्ये समुद्राची खाडी आहे. १९५९ साली आरती साहा या १९ वर्षांच्या बंगाली मुलीने ती पोहून पार केली. १६ तासांहून जास्त वेळ लागला. झटापट करून कोण १६ तास टिकेल?

कुणी बुडताना दिसले तर एकदम उडी घेऊ नका. तो मिठी मारतो आणि दोघेही जातात. आधी हाका मारून माणसे जमवा. दोर टाका, धोतर टाका, लुगडे टाका, बांबू पुढे करा. तो गडी बुडाला तेव्हा काठावर चार माणसे होती, पण दोर नव्हता. आता त्या विहिरीच्या कठड्याला दोर कायम बांधलेला असतो.