पक्षाघात : ओळख आणि प्रथमोपचार

कारधा गांव वैनगंगेच्या तीरावर वसलेलें आहे. पूल ओलांडला कीं भंडारा शहर आणि तेथील जिल्हा रुग्णालय. अंतर थोडें, तरीही पक्षाघाताच्या रोग्याचा मोलाचा वेळ पुष्कळदा वाया जातो तो वाटेवर नव्हे, घरच्या ओसरीवर.

समजा, पहाटे आजोबांच्या हातांतून चहाचा पेला अकस्मात् गळाला. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘अंगावरून वारें गेलें, तेल चोळा, जरा पडूं द्या.’ येथेंच चूक होते. मेंदूस रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीनें बंद झाली किंवा फुटली, म्हणजे हा विकार होतो. तेल चोळून गुठळी हलत नाहीं.

महात्मा जोतीराव फुले यांस १८८८ सालीं पक्षाघात होऊन त्यांचें उजवें अंग लुळें पडलें. पुढें डाव्या हातानें लिहून त्यांनीं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरें केलें. गुठळी विरघळविणारें औषध त्या काळीं नव्हतें, आज आहे. मात्र तें सामान्यतः लक्षणें दिसूं लागल्यापासून साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. आणि त्यापूर्वीं सीटी स्कॅन करून मेंदूंत रक्तस्राव नाहीं, अशी खात्री करून घ्यावी लागते.

म्हणून तीन गोष्टी तपासाव्या. रोग्यास हसावयास सांगावें. तोंड एका बाजूस वांकडें होतें काय? दोन्ही हात वर धरावयास सांगावें. एक हात खालीं येतो काय? एखादें सोपें वाक्य म्हणावयास सांगावें. बोबडी वळते काय? यांपैकीं एकही खूण अकस्मात् दिसली, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एकाएकीं दृष्टि जाणें, तोल जाणें किंवा असह्य डोकें दुखणें, याही धोक्याच्याच खुणा होत.

रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करावे. रोगी गुंगींत असून श्वास चालू असल्यास त्यास कुशीवर निजवावें. पाणी, चहा, गोळी, कांहींही तोंडांत घालूं नये. तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. रोगी शेवटीं धडधाकट केव्हां दिसला, ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर प्रथम तेंच विचारतात. लक्षणें आपोआप ओसरलीं, तरीही रुग्णालयांत जावेंच. तो पुढील झटक्याचा इशारा असूं शकतो.

बालमित्रहो, वडिलांपुढें बोलूं नये अशी आपली शिकवण आहे, व ती चांगली आहे. परंतु अशा प्रसंगीं नम्रपणें, पण ठामपणें बोला. तुमच्या त्या एका शब्दानें आजोबांचा हात वांचेल, वाणी वांचेल, कदाचित् प्राणही वांचेल.