गालावरचा चट्टा, बोटांचा बदलता रंग: कोणती तपासणी आधी, खर्च किती?

गालावर चट्टा उठला की आपण मेडिकलमधून एक ट्यूब आणतो, ती संपली की दुसरी, आणि मग पार्लरवालीचा सल्ला घेतो. बहुतेकांच्या बाबतीत तो वांग किंवा उन्हाचा त्रासच निघतो. पण ल्यूपस, स्क्लेरोडर्मा आणि डर्माटोमायोसायटिस या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, आणि त्यांची पहिली खूण अनेकदा कातडीवर दिसते. तपासण्या क्रमाने केल्या तर पहिला कौल दोन ते चार हजारांत मिळतो. क्रम चुकला तर बिल वाढतं आणि गोंधळही.

घरी पाहण्याच्या गोष्टी: खर्च शून्य

*गाल:* ल्यूपसचा चट्टा दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर पसरतो. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी मात्र तो बहुधा सोडतो. उन्हात गेलं की वाढतो. सावळ्या रंगावर तो लाल न दिसता जांभळट किंवा तपकिरी दिसतो आणि वांग म्हणून खपून जातो. सोबत केस गळत असतील, तोंडात न दुखणारे व्रण असतील किंवा सकाळी सांधे आखडत असतील तर थांबू नका.

*पापण्या आणि बोटांचे सांधे:* वरच्या पापण्यांवर जांभळी छटा आणि बोटांच्या सांध्यांवर खरखरीत चट्टे ही डर्माटोमायोसायटिसची खूण. जमिनीवरून उठताना टेकू लागत असेल किंवा वेणी घालताना हात भरून येत असतील तर स्नायूही धरले गेले असण्याची शक्यता असते.

*बोटं:* गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक, मग निळी, मग लाल होतात, याला रेनॉ म्हणतात. तरुण मुलींमध्ये तो बहुधा निरुपद्रवी असतो. तो तिशीनंतर सुरू झाला, बोटं सुजून अंगठी निघेनाशी झाली किंवा कातडी ताठ वाटू लागली तर स्क्लेरोडर्माची शंका घ्यावी.

बदल दिसत असतानाच दिवसाउजेडी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी बोटं नेमकी नेहमीसारखी असतात. वापरलेल्या ट्यूबही सोबत न्या. स्टेरॉइडच्या मलमाने चट्टा दबतो आणि डॉक्टरांना मूळ रूप दिसत नाही.

पहिला टप्पा: २ ते ४ हजार

(हे आकडे मोठ्या शहरांतल्या खासगी सेवेचे आणि ढोबळ आहेत. लॅबनुसार बराच फरक पडतो.)

- त्वचारोगतज्ज्ञांची फी: ५०० ते १,२०० रु.
- सीबीसी, ईएसआर, क्रिएटिनिन: मिळून ५०० ते ९०० रु.
- लघवीची साधी तपासणी: १०० ते २०० रु.
- एएनए (शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी): ७०० ते १,५०० रु.

यातली सर्वांत स्वस्त तपासणी टाळू नका. ल्यूपस मूत्रपिंडात शिरला की दुखत काहीच नाही, पण लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात.

एएनए करताना तो ‘इम्युनोफ्लुरोसन्स’ पद्धतीने होतो का आणि अहवालात टायटर (१:८० असं प्रमाण) देतात का, हे लॅबला आधी विचारा. उपाशीपोटी जायची गरज नाही. १:८० इतका एएनए दहातल्या एखाद्या निरोगी माणसातही सापडतो, त्यामुळे नुसतं ‘पॉझिटिव्ह’ वाचून घाबरू नका. उलट डर्माटोमायोसायटिसमध्ये तो निगेटिव्हही येऊ शकतो. एकदा पॉझिटिव्ह आलेला एएनए दर तीन महिन्यांनी पुन्हा करण्यात पैसे घालवू नका. त्यावरून आजार वाढला की कमी झाला हे कळत नाही.

दुसरा टप्पा: डॉक्टरांनी सांगितलं तरच

- रुमॅटॉलॉजिस्टची फी: ८०० ते २,००० रु. (हे सांध्यांच्या आणि अशा ऑटोइम्यून आजारांचे तज्ज्ञ; हाडांचे डॉक्टर वेगळे.)
- एएनए प्रोफाइल (ब्लॉट): ३,००० ते ६,००० रु.
- अँटी-डीएसडीएनए: ८०० ते २,००० रु.
- सी३ आणि सी४: मिळून १,२०० ते २,५०० रु.
- त्वचेची बायोप्सी: २,००० ते ५,००० रु.; इम्युनोफ्लुरोसन्स लागला तर तेवढेच आणखी.

यातल्या रक्ततपासण्या ‘ऑटोइम्यून पॅकेज’ म्हणून सवलतीत मिळतात. लक्षणं न तपासता त्या केल्या तर अर्थ न लागणारे आकडे हातात येतात. बायोप्सीला जाण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: इम्युनोफ्लुरोसन्ससाठी वेगळा तुकडा घेणार का? तो फॉर्मलिनमध्ये चालत नाही. चुकीच्या बाटलीत गेला तर पुन्हा टाका आणि पुन्हा बिल.

निदानानंतरचा महिन्याचा खर्च

ल्यूपसमध्ये बहुतेकांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं जातं. डोस वजनावर ठरतो आणि महिन्याचा खर्च साधारण २०० ते ४०० रुपये येतो. सुरुवातीला एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी. सनस्क्रीनचे ४०० ते ८०० वेगळे धरा. छत्री आणि पूर्ण बाह्या स्वस्तात तितक्याच उपयोगी. मूत्रपिंड किंवा फुप्फुसं धरली गेली तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

पैसे कुठे वाचतील

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर आणि उपलब्ध तपासण्या मोफत आहेत. पहिला टप्पा तिथूनच सुरू करा. पुढच्या तपासण्यांसाठी सरकारी किंवा पालिकेची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे दर खासगीपेक्षा बरेच कमी असतात; मुंबईच्या के.ई.एम.मध्ये रुमॅटॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती झाल्यावर उपयोगी पडते, ओपीडीच्या रक्ततपासण्यांसाठी नाही. आरोग्य विमा काढताना निदान लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षं असते. लपवलं तर दावाच नाकारला जाऊ शकतो.

धाप लागणं, घास अडकणं, पायांवर सूज येऊन लघवीला फेस येणं किंवा बोटाचं टोक काळं पडणं, यातलं काहीही दिसलं तर टप्पे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.