टेबलाचे भाडे

मराठीत 'हॉटेल' हा शब्द मोठा सोयीचा आहे. कोपऱ्यावरचे चहा-भज्यांचे दुकान हेही हॉटेल आणि गालिचे-झुंबरांचे पंचतारांकित निवासस्थान हेही हॉटेल. एकट्याने प्रवास करीत असता ज्याला लॅपटॉपवरचे रोजचे काम चुकवता येत नाही, त्याची गाठ या दोन्ही टोकांशी पडते. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करण्याची पद्धत रुळली आणि पुढे ते काम घराबाहेर, गावाबाहेरही जाऊ लागले. आपल्यापैकी कितीतरी जण शिकता शिकता भाषांतराची, मुद्रितशोधनाची, शिकवण्यांची कामे असेच करतात. प्रबंधासाठी परगावी जावे तर ही कामे बरोबर येतातच. स्वस्त लॉजच्या खोलीत खाट असते, टेबल नसते. मग बसायचे कोठे?

माझे म्हणणे एवढेच आहे की, कॅफेत आपण कॉफी विकत घेत नाही, टेबलावरचा वेळ विकत घेतो. मालक तो वेळ कोणत्या हिशेबाने विकतो हे ओळखता आले, तर जागेची निवड अवघड राहत नाही.

हा हिशेब जुना आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड याचे कॉफीगृह होते. जहाजांचे कप्तान, व्यापारी आणि विमा उतरविणारे तेथे बसत, कारण जहाजांच्या बातम्या तेथे मिळत. कॉफी हे निमित्त होते. 'लॉइड्स ऑफ लंडन' हा विम्याचा जगप्रसिद्ध बाजार त्या टेबलांवरून उभा राहिला. व्हिएन्नातील कॉफीगृहांनी तर बसण्याचेच शास्त्र केले. कॉफीबरोबर पाण्याचा पेला, लाकडी दांडीला अडकवलेली वृत्तपत्रे आणि एका कपावर दुपार काढली तरी न येणारे बिल. पीटर आल्टेनबर्ग हा लेखक आपला पत्ता म्हणून 'कॅफे सेंट्राल'चेच नाव देत असे. तेथे बसणे फुकट आहे असे मात्र कोणी समजू नये. कपाच्या किमतीतच खुर्चीचे भाडे धरलेले असते. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना सार्त्र आणि सिमोन द बोव्हार 'कॅफे द फ्लोर'मध्ये लिहीत बसत, त्याचेही एक कारण तत्त्वज्ञानाशी संबंधित नव्हते : तेथे शेगडी होती आणि घरी कोळशाची टंचाई.

आपल्याकडे हे काम इराण्यांनी केले. मुंबईचे 'कयानी' १९०४ चे, 'ब्रिटानिया' १९२३ चे, पुण्याचे 'गुडलक' १९३५ चे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. पुष्कळशी इराणी हॉटेले कोपऱ्यावर असल्याने दोन बाजूंनी उजेड येतो. लिहिणाऱ्याला याहून काय हवे? चहा आणि बन-मस्क्यावर बराच वेळ बसता येई, परंतु अटी असत, आणि त्या पाटीवर लिहिलेल्या असत. निसीम इझिकेल यांनी अशा पाटीवरून इंग्रजीत एक मजेदार कविताही केली. आपण त्या पाट्यांना हसतो. मला मात्र तो प्रामाणिक भाडेकरार वाटतो. काय चालेल आणि काय नाही, हे आधीच कळते.

कॉफी हाउसची कथा वेगळी. कॉफी बोर्डाने आपली उपाहारगृहे बंद करावयास घेतली तेव्हा नोकरीवरून कमी झालेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने १९५७ पासून सहकारी संस्था स्थापून 'इंडियन कॉफी हाउस' चालविले. नोकरच मालक असल्यामुळे की काय, तेथे उठण्याची घाई कोणी करीत नाही. आणि मराठीच्या विद्यार्थ्याला काळा घोड्याचे 'वेसाइड इन' सांगावयास नको. ते आता नाही. परंतु अरुण कोलटकर तेथील टेबलाशी बसून समोरचा त्रिकोणी चौक पाहत राहिले आणि २००४ मध्ये त्यांचा 'काला घोडा पोएम्स' हा संग्रह आला. त्या टेबलाचे भाडे कोणत्या हिशेबात बसवायचे?

साखळीतल्या नव्या कॉफी दुकानांत करार लेखी नसतो, आणि गोंधळ तेथेच होतो. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे 'स्टारबक्स'मध्ये काही न मागवता एका परिचिताची वाट पाहणाऱ्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना पोलिसांनी अटक केली. मोठा गदारोळ झाला. पुढच्याच महिन्यात 'काही न घेताही बसता येईल' असे कंपनीने जाहीर केले आणि जानेवारी २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेत ते धोरण मागेही घेतले. टेबल कोणाला किती वेळ, हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. बसणारा कोण दिसतो याचाही आहे.

याचा अनुभव हॉटेलच्या लॉबीत लवकर येतो. जर्मन विचारवंत झीगफ्रीड क्राकाउअर याने १९२० च्या दशकातच हॉटेलच्या लॉबीवर लिहिताना तिची तुलना प्रार्थनामंदिराशी केली होती. मंदिरात माणसे कशासाठी तरी एकत्र येतात. लॉबीत ती नुसतीच एकत्र असतात, एकमेकांशी काही संबंध नसलेली. एकट्या प्रवाशाला नेमके हेच हवे असते. परंतु एका शहरात मी मोठ्या हॉटेलच्या लॉबीत शिरले तेव्हा दारातच विचारणा झाली, "कोणाला भेटायचंय, मॅडम?" माझ्या मागोमाग बॅग घेऊन आलेल्या गृहस्थांना कोणी काही विचारले नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' (२०११) या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हेच मांडले आहे : बाईला सार्वजनिक जागी असण्यासाठी सतत काहीतरी कारण दाखवावे लागते. मी "चहा घ्यायचाय" म्हटले आणि वाट मोकळी झाली. पुढे मी तो शब्द आधीच तयार ठेवू लागले. पटले म्हणून नव्हे, सायंकाळपर्यंत काम पोचवायचे होते म्हणून.

लॉबीविषयी आणखी थोडे. तेथील कोच रेलण्यासाठी असतात, लिहिण्यासाठी नव्हे. टेबल गुडघ्याच्या उंचीचे, तासाभरात मान धरते. म्हणून आतल्या कॉफी शॉपमध्ये सरळ पाठीची खुर्ची पाहावी. चहा महाग पडतो, पण दोन-तीन तास शांतता आणि स्वच्छ स्वच्छतागृह धरले तर हिशेब तितकासा वाईट नाही. दुपारी बाराच्या सुमारास खोल्या सोडणाऱ्यांची गर्दी आणि पेट्यांची ओढाताण असते, तीननंतर जावे.

उडपी हॉटेल याच्या उलट. राइस प्लेटच्या वेळी प्रत्येक खुर्ची तासात अनेकदा विकली जाते. तेव्हा लॅपटॉप उघडून बसणे म्हणजे वेटरच्या पोटावर पाय देणे. सकाळची गर्दी ओसरल्यावर किंवा दुपारी चारला जावे, दर तासाला काहीतरी मागवावे आणि लोक उभे दिसले की उठावे. पुण्याच्या अमृततुल्यात तर कामाचा विचारही करू नये. तेथला चहा उभ्याने घेण्याचा.

जागा आदल्या संध्याकाळी पाहून ठेवावी. भिंतीला पाठ लागेल आणि पडद्यावरचे दुसऱ्याला वाचता येणार नाही अशी खुर्ची, जवळ विजेचे बटण, आणि कोणत्या वेळी संगीत मोठे होते, एवढे पाहावे. तेथील वायफायसाठी बहुधा मोबाइलवर सांकेतिक क्रमांक येतो. फोनला रेंज नसेल तर तो येत नाही, म्हणून खुर्चीत बसूनच फोनची रेंज तपासावी. बँकेचे व्यवहार उघड्या वायफायवर न करता स्वतःच्या फोनच्या इंटरनेटवर करावेत. बोलण्याचे काम असेल तर बाहेर जाऊन बोलावे.

राहिली एकट्याची खरी अडचण, जी कोणी सांगत नाही : स्वच्छतागृहात जाताना सामानाचे काय करायचे? टेबल सोडले तर जागा जाते, सामान ठेवले तर लॅपटॉप जाण्याची भीती. मी लॅपटॉप पिशवीत घालून बरोबर नेते आणि टेबलावर वही व अर्धा कप चहा ठेवून वेटरला सांगून जाते. वही अद्याप कोणी नेलेली नाही. चहा मात्र दोनदा उचलला गेला, आणि दोन्ही वेळा मी दुसरा मागवला.